तिच्या हातचे आकडे

शेवटच्या संध्याकाळी आम्ही नवराबायकोनं वांगी सोलली. तिनं चुलीवर भरताची वांगी भाजली होती आणि मी देठ धरून काळी साल काढत होतो. बोट भाजलं तशी मी शिवी हासडली.

ती म्हणाली, "वांग्याला शिव्या नका देऊ, भरीत कडू होईल."

मग हात पुसून तिनं खुंटीवरची पिशवी काढली. पिशवीत धुळ्याच्या दवाखान्याचा कागद होता. पेनाचं टोपण दातात धरून तिनं रोजच्यासारखं विचारलं, "आज कितलं दुखस?"

"दोन."

"खरं शे ना?"

"शे म्हटलं ना. लिही. परवा धुळ्याची तारीख आहे."

तिनं दोन लिहिले. ते खोटं होतं. त्या दिवशी चार होते. कंबर भिंतीला दाबून धरली होती म्हणून बसता तरी येत होतं.

मी जळगावात डाळ मिलमध्ये पोती वाहिली, सारा जन्म. शाळा चौथीपर्यंत. पुरुषाला लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढी एक गाठ असते, प्रोस्टेट म्हणतात, तिचा कॅन्सर मला झाला आणि हाडांत उतरला. डॉक्टर म्हणाले, पुरुषाच्या अंगात जो रस फिरतो त्याच्यावर हा रोग पोसतो, तो रस तोडायचा. म्हणून माझी अंडं काढली. सरळ लिहितो, लाजायचं वय गेलं. दोन वर्षं बरा होतो. पिंप्राळ्याहून मिलपर्यंत चालत जायचो. मग कंबर पुन्हा धरली. रोग त्या रसावाचून जगायला शिकला होता.

त्याच्यापुढं औषध नव्हतं. मुंबईचे एक डॉक्टर दर तीन आठवड्यांनी धुळ्याला येत आणि माझ्यासारख्यांवर एक औषध तपासून बघत. त्यांनी फसवलं नाही. म्हणाले, "आबा, यानं रोग जाणार नाही. दुखणं कमी होतं का, एवढंच आम्हाला बघायचंय. रोज संध्याकाळी आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे सोसवत नाही. शेजारच्या रकान्यात दुखण्याच्या गोळ्या किती खाल्ल्या ते. पण खरं लिहा. तुम्हाला उपयोग झाला नाही तरी तुमच्यामागून येणाऱ्याला होईल."

जाता जाता हेही म्हणाले, "दुखणं वाढायला लागलं तर औषध बंद करू. उगाच विष कशाला घालायचं?"

तिनं पहिलं बोलणं मनात धरलं. मी दुसरं धरलं.

ती पन्नाशीत लिहायला शिकली होती, विहारातल्या प्रौढांच्या वर्गात. तोवर अंगठा. त्या कागदाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. "माझ्या हातचं मुंबईला जातंय," म्हणायची. तिचे पाच पोट सुटल्यासारखे यायचे. मी हसलो की म्हणायची, "तुमच्या सहीपेक्षा बरे आहेत."

औषध होतं निळं. दौतीतल्या शाईसारखं निळं, सलाईनमधून शिरेत जायचं. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट झाली तसा मी घाबरलो. ती पदर तोंडावर धरून हसली. "घाबरता काय? जयभीमवाल्याचं औषध निळंच असणार."

आणि गुण आला, खोटं कशाला बोलू. पाचाचे चार झाले, चाराचे तीन, एकदा दोन. दोन झाले त्या दिवशी ती कागद घेऊन गल्लीभर फिरली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही दाखवला.

दीड-दोन महिने तसे गेले. मग एका संध्याकाळी चार होते. तिनं विचारलं. पेन कागदावर टेकवून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी दोन म्हटलं. दुसऱ्या दिवशीही दोनच म्हटलं. असे अकरा दिवस.

वांग्यांच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती नळावर गेली आणि हंडा ठेवून खाली बसली. छातीला हात लावला. शेजाऱ्यानं रिक्षा आणली. रिक्षात चढता चढता म्हणाली, "पाणी झाकून ठेवा." रिक्षा दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. मरायचा नंबर माझा होता. ती पुढं घुसली.

संध्याकाळी सगळं आटोपलं. घरी माणसं बसली होती, चहा झाला. दिवा लागला. कितलं दुखस, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी काढली. नशिराबादला दिलेली आमची मुलगी चूल पेटवत होती. कागद मांडीवर घेतला आणि पहिल्यांदा नीट बघितला. एका रकान्यात दोन, दोन, दोन. शेजारी गोळ्यांचा रकाना. तिथं चार, पाच, पाच. गोळ्या तीच हातावर ठेवायची. दोनाला कोण पाच गोळ्या खातं? तिला कळत होतं. मी सांगितलेलंही तिनं लिहिलं आणि तिला दिसलेलंही लिहिलं. मला एका शब्दानं बोलली नाही.

मुलीला सगळं सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "बाबा, मग त्याच्यावर काट मारा आणि वर खरं लिहा."

"तिच्या आकड्यावर काट मारायची नाही."

मी तिच्या प्रत्येक दोनाखाली बारीक अक्षरात खरा आकडा लिहिला. चार. चार. पाच. आठवावं लागलं नाही, दुखलेलं माणूस विसरत नाही. अकरा घरं भरायला चहा निवेपर्यंत वेळ लागला. कालचं घर रिकामं होतं. तिथं पाच लिहिले. गोळ्यांच्या रकान्यात एक. काल सकाळी तिनं हातावर ठेवली तेवढीच, नंतर मी गोळी घेतलीच नव्हती.

डॉक्टर बघतील आणि औषध बंद करतील, हे मला माहीत होतं.

मुलगी म्हणाली, "आज कुठं जाता? लोक बसायला येतील."

"त्यांना बसव," मी म्हटलं. पाण्याच्या हंड्यावर झाकण ठेवलं, पिशवी खांद्याला लावली आणि धुळ्याची गाडी धरायला स्टँडकडे निघालो.