अण्णांच्या विमानाचं ठिगळ

कारगिलच्या वर्षी गणपतीला दोन आठवडे उरले होते, आणि मी अण्णांबरोबर रोह्याहून पेणला विमान बघायला निघाले होते. हो, विमानच. आमच्या वरसे गावच्या मंडळाने त्या वर्षी कारगिलचा देखावा ठरवला होता आणि पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात सात फुटी विमान तयार होत होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. हवाई दलात पंधरा वर्षं फिटर, नंतर धाटावला एका कंपनीत मेंटेनन्सला. मंडळाच्या पोरांनी विमानाचं काम त्यांच्यावर सोपवलं, कारण गावात विमानाला हात लावलेला माणूस तो एकच.

एसटीत त्यांनी मला कारखान्याला दिलेलं विमानाचं चित्र दाखवलं आणि मी कपाळाला हात लावला. ते कारगिलला लढलेलं मिग नव्हतं, ते मारुत होतं. आमच्या घरात देवांच्या शेजारी ज्याचा फोटो आहे, ते.

मारुत आपल्या देशात बांधलेलं लढाऊ विमान. जमिनीवरचे रणगाडे, गाड्या टिपायला एकाहत्तरच्या लढाईत गेलेलं... पण हवं तसं ताकदीचं इंजिन त्याला कधी मिळालंच नाही. चारी तोफा एकदम मारल्या की आतून हादरायचं म्हणे. कारगिलच्या आधीच ते भंगारात निघालं होतं.

"अण्णा, हे कारगिलला नव्हतंच," मी म्हटलं. ते खिडकीतून गडब गावची भातशेती बघत बसले. आमचे अण्णा अडचणीत आले की त्यांना शेतीची फार आवड निर्माण होते.

कारखान्यात शेकडो गणपती रांगेने बसलेले, आणि त्यांच्यामध्ये ते विमान. बांबूचा सांगाडा, गोणपाट, प्लास्टर आणि वर असा गुळगुळीत रंग की बघत राहावं. मूर्तिकार नाना स्वतः एका मूर्तीचे डोळे आखत बसले होते.

अण्णांनी विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग डाव्या पंखाच्या मुळाशी बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे ताटाएवढं भगदाड पाडा.

नानांनी कुंचला खाली ठेवला. "नाय जमायचं, अण्णा. खंडित वस्तू बाप्पापुढं देत नाय मी. आज्यापासनं चालत आलंय आमच्यात."

मला वाटलं, आता अण्णा चिडतील. पण ते पाटावर बसले आणि बोलायला लागले. जे मला किंवा आईला उभ्या आयुष्यात सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला सांगितलं.

एकाहत्तरची लढाई, राजस्थानातला तळ. एक मारुत डावं इंजिन बंद पडलेल्या अवस्थेत परत आलं, एकाच इंजिनावर. पंखाच्या मुळाशी भगदाड. पायलट खाली उतरला, पाणी मागितलं आणि दोन घोट घेऊन नुसता बसून राहिला.

इंजिन दुसऱ्यांनी बदललं, पण भगदाड अण्णांनी बुजवलं. पत्रा कापला, रिव्हेट मारले. तिसऱ्या दिवशी तेच विमान तोच पायलट घेऊन गेला... आणि ते परत येईपर्यंत अण्णा धावपट्टीच्या कडेला उभे होते. जेवले नाहीत.

"माझा एक रिव्हेट सुटला असता तर तो माणूस गेला असता," ते म्हणाले. "आला परत. पण पुढं लोक म्हनाले, ते इमान फसलेलं हाय. गावात इचारतात, तू काय केलंस लढाईत? काय सांगू?"

नाना उठले, टोच्या घेतला आणि आपल्या हाताने त्या सुंदर पंखाला भोक पाडलं. माझ्या तोंडून 'अहो' निघून गेलं.

"भोक ठेवणार नाय," नाना म्हणाले. "पन बुजवलेलं चालतं. मूर्तीचा टवका गेला तर आम्ही पन बुजवतोच की. तेव्हा तुम्ही बुजवलंत ना? मग आता पन तुम्हीच बुजवा." आणि मला म्हणाले, "तो रंगाचा रिकामा डबा आन गो."

अण्णांनी डब्याचा पत्रा कापला, कडा घासल्या, रिव्हेटसारखे बारीक खिळे एका ओळीत ठोकले. तासभर लागला. माझ्या वडिलांचे हात इतके नीट चालतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

टेम्पोतून विमान वरशाला आलं आणि मंडळाच्या अध्यक्षाने ठिगळ पाहिलं. "पेणवाल्याने फसवलं वाटतं. रंग मारून टाकू, कुणाला दिसनार नाय." अण्णांची नजर शेतीकडे वळायला लागली होती.

मग मीच बोलले. हे कारगिलचं विमान नाही हेही सांगितलं आणि ठिगळ कुणाचं आहे हेही. वाटलं होतं, वर्गणी देणारे आता आम्हाला सोलून काढतील.

अध्यक्षाने चौघांना हाक मारली आणि विमान फिरवून घेतलं... ठिगळाची बाजू लोकांकडे. पाटीवर 'कारगिल'च्या खाली खडूने 'आणि एकाहत्तर' लिहिलं.

दहा दिवस अण्णा मांडवातच होते. कुणी ठिगळाला हात लावून विचारलं की एवढंच म्हणायचे, "मी लावलेलं हाय. परत आलं होतं."

आता अण्णा नाहीत. मारुत फसलेलं विमान होतं असं लोक अजूनही म्हणतात, आणि म्हणोत... त्यात मी कशाला पडू? पण पेणच्या त्या नानांचे आभार मानायचे राहून गेले. त्यांनी स्वतः घडवलेल्या पंखाला भोक पाडलं म्हणून मला माझे वडील कळले.