पेजेचा वास

आज पुन्हा आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये कुणीतरी लव्हेंडरचा फवारा मारला आहे. गोडसर, डोक्यात जाणारा वास. समोरच्या घरातून आता कुणी काही बोलत नाही. हा फवारा तेवढा बोलतो.

लालबागच्या याच जागी आमची चाळ होती. महिनाअखेर आली की ताटात उकड्या तांदळाची पेज आणि मीठ, फार तर लोणच्याची फोड. ती पेज वाईट नव्हती हो; ऊन ऊन, दाटसर, पोटाला धरून राहणारी. पण आईला तिची लाज वाटायची. अशा संध्याकाळी ती डब्यातून एकच सुका बोंबील काढायची आणि दार सताड उघडं टाकून स्टोव्हवर भाजायची. खमंग वास गॅलरीभर हिंडायचा. "आज मजा आसा तुमची!" शेजारची काकी मुद्दाम मोठ्याने म्हणायची आणि आईचा चेहरा खुलायचा. तो एवढासा बोंबील मग आम्हा सगळ्यांत वाटला जायचा. पुढे कळलं, काकीकडेही त्या दिवसांत हाच खेळ चालायचा. सगळ्या गॅलरीला सगळं ठाऊक होतं, पण कुणी कुणाच्या टोपावरचं झाकण उचलून पाहिलं नाही.

चाळ गेली, टॉवर आला, बाबा गेले. घर पक्कं मिळालं, पण त्याचा मेंटेनन्स भरता भरता हात आखडला तो आखडलाच. पेज आता महिनाभर असते. आईची लाज मात्र वयाबरोबर गळून पडली होती. पेजेबरोबर भाजलेला बोंबील मिळाला की तिला दुसरं काही नको असायचं. मागे एकदा समोरची तरुण बाई दारात आली. अगदी सभ्यपणे, हसून म्हणाली, "आँटी, प्लीज, ते फिश भाजू नका ना. सगळीकडे स्मेल येतो."

"चुकलं हां," आई म्हणाली. मी तोंड उघडणार तोच तिने माझा हात दाबला. चुकलं! जिथे तिचा जन्म गेला, तिथे स्वतःच्या घासासाठी तिने माफी मागावी? तो शब्द मला अजून गिळवत नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे बोंबील भाजलेला नाही. फवारा चालूच आहे.

आज दुपारी आईने पेज ठेवली. खिडक्या घट्ट लावलेल्या, ती घामाने निथळत होती. मी स्वयंपाकघरात गेले तशी दबक्या आवाजात म्हणाली, "जरा भायर जाऊन बघ गो, वास येता काय?"

नुसता तांदूळ शिजत होता. मी पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले, परत आले आणि म्हटलं, "नाही येत." तेव्हा कुठे तिने ताटली पुढे ओढली. गरिबीने तिला इतकं कधी घाबरवलं नव्हतं.