नसीरभाईंच्या पिवळ्या ओळी

नसीरभाई काही सांगायच्या आधी, आपण कुठल्या प्रकारचं बोलणार आहोत ते सांगत. "ताई, हे चवीचं बोलनं हाय. चहात अद्रक जास्त झालं." "हे सोयीचं. खिडकीपाशी बसा, उजेड येईन." आणि क्वचित, आवाज खाली आणून, "हे धोक्याचं हाय. त्या बटनाची वायर उघडी हाय, हात नोका लावू." ऑफिसातले सगळे त्यांची नक्कल करायचे. माणूस जरा सटकलेला आहे, असंही कुणीकुणी म्हणायचं. मला मात्र त्या नकलांचा संताप यायचा, कारण ही सवय त्यांना कशी लागली ते मी पाहिलं होतं.

वाशिमला आमचं छोटंसं ऑफिस. डाळ मिलच्या यंत्रांना हुकूम देणारे कॉम्प्युटर आम्ही बसवतो. मिलचा मिस्त्री साध्या मराठीत ओळी लिहितो, झाकण उघडं असेल तर थांब, पट्टा चालू कर वगैरे. आमचा कंपायलर त्या ओळी यंत्राला कळतील अशा करून देतो, आणि करता करता काही खटकलं तर तसं पडद्यावर सांगतो. हा कंपायलर नसीरभाईंनी एकट्यानं लिहिला होता. माणूस कारंज्याचा, वडलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. बोलणं अस्सल वऱ्हाडी, काम एकदम नेटकं. मी फोनवर बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची.

कंपायलरला खटकायच्या गोष्टी तीन तऱ्हेच्या. एक, खरोखरचा धोका. दुसरी, काम बरोबर होतंय पण वेळ जास्त लागतोय. तिसरी, नुसतीच मांडणी गबाळी. नसीरभाईंना या तिन्ही वेगवेगळ्या दाखवायच्या होत्या. पण आमच्या ऑफिसच्या मालकांनी हट्टच धरला, सगळ्यांना 'इशारा' म्हणायचं आणि सगळं पिवळ्या रंगात दाखवायचं. "गिऱ्हाइकाले वाटलं पाह्यजे ना, मशीन जागी हाय म्हून!" नसीरभाई थोडे कुरकुरले, मग म्हणाले, "बरं, पुढच्या खेपेले वेगळं करू." ती पुढची खेप काही आली नाही.

रिसोडच्या एका मिलमध्ये शेषराव मिस्त्री होते. वयानं मोठे, भारी शिस्तीचे. रोज सकाळी यंत्राला हळदकुंकू वाहायचे, आणि पडद्यावर एक जरी पिवळी ओळ दिसली तरी मिल सुरू करायचे नाहीत. मला फोनवर म्हणायचे, "बाई, इशारा असतानी पट्टा चालवनं मले पटत नाही." एकदा अशीच ओळ आली. झाकणाची तपासणी दोनदा होते आहे, एक काढल्यास वेळ वाचेल. म्हणजे गोष्ट दुसऱ्या तऱ्हेची, धोका काहीच नाही. पहिली तपासणी यंत्र सुरू होताना व्हायची आणि दुसरी पट्टा फिरायच्या ऐन आधी. मधल्या वेळात कुणी झाकण उघडलं तर पट्टा अडून राहावा म्हणून ती होती. शेषरावांनी ती दुसरी तपासणी काढून टाकली. पडदा स्वच्छ झाला. मग एक दिवस यंत्र सुरू केल्यावर त्यांना आत अडकलेली सुतळी दिसली. त्यांनी झाकण उघडून हात घातला आणि पट्टा फिरायला लागला. उजव्या हाताची बोटं गेली.

मालक म्हणाले, "आपन तं नुसतं सुचवलं होतं. काढलं त्यानं."

नसीरभाईंना मी तोवर मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "सुचवलं? आपन इशारा देल्ला, साहेब! जे चुकलंच नाही त्याले इशारा म्हनाचा हक कोनं देल्ला आपल्याले?" धोका तेवढा पिवळ्यात ठेवायचा. वेळेच्या सूचना विचारल्याशिवाय दाखवायच्या नाहीत, आणि दाखवल्या तर आधी 'काम बरोबर आहे' असं लिहायचं. मांडणीची कुरकुर त्याहून निराळी. एवढंच त्यांचं मागणं होतं.

"आता बदललं तं आपली चूक कबूल केल्यासारखं होईन," मालक म्हणाले.

"अन् बाकी मिस्त्र्यायचे हात?"

यावर मालक फोन घेऊन बाहेर निघून गेले. धन्य तो माणूस!

तेव्हापासून नसीरभाईंचं ते प्रकार सांगून बोलणं सुरू झालं. घरी बायकोशीही तसंच बोलत म्हणे, बिचारी कंटाळून गेली होती. मालकांना न विचारता त्यांनी कंपायलर बदलला आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं, जीपनं फिरून मानोरा, कारंजा, धनज अशा सगळीकडच्या मिलमध्ये स्वतः नेऊन बसवला. एके ठिकाणी तीच तपासणी काढलेली सापडली, ती त्यांनी तिथंच बसून परत घातली. मालकांना कळायचं ते कळलंच. उद्यापासून येऊ नका, असा निरोप आला.

नव्या नोकरीसाठी नागपूरला जायच्या आधी ते शेषरावांकडे निघाले. मला म्हणाले, "ताई, चाला संगं. एकट्यानं नाही होत."

शेषराव दारातच बसले होते. त्यांच्या घरच्यांनी चहा आणला. नसीरभाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं, लॅपटॉपवर नवा पडदा दाखवला. शेषरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे म्या लिवलं होतं, ते बराबरच होतं?"

"बराबर होतं, काका."

"म्या हात नसता लावला त्या ओळीले, तं काहीच झालं नसतं?"

खोटं बोला हो नसीरभाई, असं माझ्या मनात आलं. "नसतं झालं," ते म्हणाले.

शेषराव चिडले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते चिडले नाहीत. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "मंग वरडले कायले हो तुमी?"