कांडोळाखाली बसलेले मामा

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. गिरणी बंद पडली तेव्हापासून ते रोज सकाळी आमच्या मुलुंडच्या चाळीमागच्या डोंगरावर फिरायला जायचे आणि नऊच्या आत परत यायचे. एप्रिलमधल्या एका सकाळी अकरा वाजले तरी आले नाहीत.

आदल्या संध्याकाळी ते नवऱ्याला म्हणाले होते, आता माझा घरात काय उपयोग. त्याने हसून विषय बदलला होता. मी मात्र भात चढवतानाही तेच मनात घोळवत होते. नवरा ऑफिसात, घरात फोन नाही. शेवटी बाळाला शेजारणीकडे ठेवलं आणि डोंगर चढायला लागले.

ऊन रणरणत होतं. सगळं रान उघडं पडलेलं, पायाखाली नुसता पाचोळा. मी हाका मारत चढत होते. समोरून मोळी घेऊन एक बाई उतरत होती, पाड्यावरची. तिला विचारलं. म्हणाली, एक म्हातारे कांडोळाखाली बसलेत, आणि तिने हात केला.

वर चढणीवर एक झाड होतं, एक पान नाही, बुंधा चुना फासल्यासारखा पांढराफेक. त्याला टेकून मामा बसले होते. एक चप्पल पायात, एक बाजूला. मी धावतच गेले. त्यांना चांगलं सुनावायचं ठरवलं होतं, पण जवळ जाऊन त्यांच्या शेजारीच बसले.

"पाय मुरगळलो गो," ते म्हणाले. "म्हटलां, ह्या पांढऱ्या झाडाबुडी बसलंय तर लांबसून दिसतलंय. तू येतलंस, ठावक होतां."

मी पदराने तोंड पुसलं.

माझ्यामागे परत वर आलेल्या त्या बाईने मोळी तिथेच टाकली आणि एका बाजूने त्यांना धरलं. तिघं उतरलो तोवर एक वाजला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, नुसती लचक.

संध्याकाळी नवरा आला, तेव्हा मला कशाची भीती वाटली होती ते मी त्याला सांगितलं. त्याने बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, "मला तर महिनाभर तेच वाटतंय."

आतल्या खोलीत मामा बाळाला पायावरचं बँडेज दाखवत होते आणि बाळ खिदळत होतं.