अक्षराखाली टिंब

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात किंवा सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. मी प्राचीन ग्रीक शिलालेख वाचायला शिकलो. कॅम्पातल्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवल्यावर, ज्याचा कुणालाच उपयोग नाही असं काहीतरी करावं, एवढाच हेतू होता. दर शनिवारी संगणकावर एक परदेशी बाई तुटक्या दगडांचे फोटो दाखवायच्या आणि आम्ही पाच-सहा विद्यार्थी ते वाचायचो. बाईंचा नियम कडक होता. अक्षर नक्की लागत नसेल तर त्याच्याखाली टिंब द्यायचं. फुटून गेलं असेल तर चौकटी कंस करून, जितकी अक्षरं गेली तितकी टिंबं द्यायची. मनानं भर घालायची नाही.

आमच्या गल्लीतल्या मंडळाला याचा पत्ता लागला आणि माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि मागं फ्लेक्सवर ग्रीक अक्षरं, खालचं वर करून छापलेली. प्रमुख पाहुणे पाऊण तास सिकंदरावर बोलले. अक्षरं उलटी आहेत हे त्या सभागृहात मला एकट्याला कळत होतं आणि मी हात जोडून हसत होतो. पेपरात ‘प्राचीन लिपींचे जाणकार’ म्हणून फोटो आला. निपाणीला माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, तो कापून शोकेसच्या काचेला चिकटवला.

आई आक्काकडंच असायची. पावसाळा संपता संपता तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाही गेली. तिला समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याभरानं तिनं खुणेनं पेन्सिल मागितली आणि कॅलेंडरच्या पाठीवर डाव्या हातानं एक ओळ काढली. ती कुणालाच वाचता येईना. आईची शाळा चिकोडीकडं कन्नडमध्ये झालेली, म्हणून आक्कानं शेजारच्या कन्नड शाळेतल्या मास्तरांना दाखवली. हे कन्नड नव्हे, म्हणाले. मराठीही दिसत नव्हतं. आई रोज तीच ओळ नव्यानं काढायची आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघायची. मग आक्कानं मला बोलावून घेतलं.

“अडीच हजार वर्षांमागचं वाचतोस न्हवं तू?” कागद हातात देत ती म्हणाली. “हे कालचं हाय.”

मी कागद खिडकीशी नेला. पेन्सिल फिकट होती, म्हणून दगडावर टाकतात तसा बॅटरीचा उजेड बाजूनं तिरका टाकला. अर्धा तास काही लागेना. मग कागद पालथा करून काचेला धरला. फार जुने ग्रीक उजवीकडून डावीकडं लिहीत, तेव्हा अक्षरंही आरशातल्यासारखी फिरवत. आईचा डावा हात तेच करत होता. ओळ मराठीच होती. तिच्यातला शेवटचा शब्द लख्ख दिसला: उघड. त्याच्याआधी चारेक अक्षरांची जागा. सुरुवातीला तिचा हात थरथरायचा, तिथं रेघा एकमेकींत गेल्या होत्या. रोजचे सगळे कागद ओळीनं मांडले. प्रत्येकात नेमकी तीच जागा गेलेली.

इथं टिंबं देऊन थांबायला हवं होतं. पण आक्का दारात उभी होती, आई उशीवरून बघत होती आणि शोकेसवर माझा फोटो होता. मी अगदी खात्रीच्या आवाजात म्हणालो, “कपाट उघड.”

आक्कानं आईचं कपाट उघडलं. लुगडी, जपाची माळ, वडिलांचा चष्मा, मंदिरात न्यायची पिशवी, एकेक वस्तू तिनं आईपुढं धरली. आईनं सगळं बघितलं. मग बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि पेन्सिल पांघरुणावर ठेवून दिली.

त्यानंतर आम्ही ट्रंक उघडली, खिडक्या, परसदार, देव्हाऱ्याचा कप्पा, शेवटी पिठाचे डबेसुद्धा. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून आक्का पुन्हा उघडायला लागली. मी पेन्सिल परत आईच्या हातात दिली, तर बोटं मिटली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. चुकीचं वाचलं म्हणून दगड काही पुन्हा लिहून देत नाही. आईला ते करता आलं असतं, तिनं केलं नाही. ती दमली होती की माझ्यावरचा भरवसा उडाला होता, हे विचारायला मार्ग नव्हता.

पुढच्या महिन्यात आई गेली. सगळं आटोपल्यावर आक्कानं माझी वही बघायला मागितली. आईची ओळ मी तिच्यात नियमाप्रमाणं उतरवून ठेवली होती: चौकटी कंसात चार टिंबं, बाहेर ‘उघड’.

“हितं काय लिवलंयस?” तिनं टिंबांवर बोट ठेवलं.

गेलेली अक्षरं, मी सांगितलं. काय होती ते कळत नाही, किती गेली तेवढं कळतं.

“मग त्या दिवशी एवढंच वाचायचं हुतंस की रं,” ती म्हणाली आणि वही मिटून माझ्याकडं दिली.

आईचं कपाट अजून उघडंच आहे. ते लाव, असं आक्काला सांगायला माझी जीभ रेटत नाही.