चाचांची वाकडी पालखी

आमच्या जव्हारात सरळ अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे चाचांनी मारलेली रेघ. बाकी रस्ते वाकडे, कौलं वाकडी, शाळेचा फळाही डावीकडे झुकलेला. चाचा म्हणजे संस्थानच्या सुतारकारखान्यातले मिस्त्री, आणि माझे वडील त्याच दरबारातले कारकून, म्हणून आम्हा मुलांचे ते चाचा. वाकडं काही दिसलं की त्यांना बसवत नसे. एका घरी ते दुखवट्याला गेले, तर भिंतीवरची तसबीर कललेली दिसली. आधी त्यांनी पिशवीतून हातोडी काढून खिळा नीट ठोकला, मग खाली बसून सांत्वन केलं. कानामागची पेन्सिल तर जन्मखूण असावी इतकी कायमची. मुलीच्या निकाहात सहीसाठी पुढे केलेला टाक बाजूला सारून त्यांनी तीच पेन्सिल काढली, आणि सही करण्याआधी कागदाखालचा पाट हलतोय म्हणून त्याला पाचर मारली.

संस्थान विलीन झालं तेव्हा महाराजांचं आता काय होणार, या चिंतेत गाव होतं. चाचांना चिंता होती ती राजवाड्यातल्या एका कपाटाची, कारण त्याचं दुसरं दार बसवायचं राहून गेलं होतं. कारखाना बंद झाला. उरलेल्या लाकडाच्या चिपा आणि बांबूच्या कामट्या त्यांनी घरी आणल्या आणि दर शनिवारी शाळेच्या ओट्यावर आम्हा पोरांपुढे मांडल्या. प्रत्येकाला जुन्या कागदात बांधलेली एकेक पुडी मिळे. आत मापात कापलेले तुकडे, पतंगाचा कागद, सुतळी. ते जोडून कधी मोर करायचा, कधी होडी, कधी राजवाड्याचा घुमट. चिकटवायला तांदळाच्या पिठाची खळ असे. पोरं ती चाटतात म्हणून त्यांनी तीत कडुलिंबाचा रस घातला. तरीही पाड्यावरून चालत येणारा एक मुलगा ती चाटताना सापडला.  पुढच्या शनिवारपासून पुड्यांच्या टोपलीत उकडलेल्या रताळ्यांचं एक गाठोडं येऊ लागलं, आणि रताळी खाऊन झाल्याशिवाय पुडी सोडायची नाही असा नियम झाला.

माझी अडचण निराळी होती. मी डावरी. शाळेत गुरुजी डाव्या हातावर पट्टी मारत, आणि घरी वडिलांनी बजावलं होतं, "कातर डाव्या हातात दिसली की शनिवार बंद." त्या शनिवारासाठी मी आठवडाभर जीव धरून असे. म्हणून सगळं उजव्या हाताने करायची, आणि माझे मोर पाय मोडल्यासारखे उभे राहायचे. चाचा ते बघून डोळे मिटून घेत. एकदा खांबाआड जाऊन मी पटकन कातर डाव्या हातात घेतली आणि सरसर कापलं. मान वर केली तर समोर चाचा. मी रडायच्या बेतात आले. ते फक्त म्हणाले, "बेटी, अब्बांना म्हणावं, पुढच्या शनिवारी या."

मला वाटलं, संपलं सगळं. 

वडील आले, खुर्चीवर ताठ बसले. चाचांनी पुड्या वाटल्या आणि सुतळीने एकेका पोराचा उजवा हात पाठीशी बांधून टाकला. शेवटी स्वतःचाही बांधून घेतला.

"मिस्त्री, हे काय चालवलंय?" वडिलांनी विचारलं.

"आज पालखी करायची आहे, भाऊसाहेब. पालखीच्या कामाला उजवा हात चालत नाही. दरबारचा रिवाज आहे."

"दप्तरात कुठे वाचल्याचं आठवत नाही."

"कारखान्याचे रिवाज कागदावर कुठे असतात?"

चाचा जन्मात एकदाच खोटं बोलले असतील, तर ते हे. पण माझे वडील दरबारचा रिवाज म्हटला की पंगतीतल्या पानावरूनही उठले असते. त्यांनी मान डोलावली. ओट्यावर मात्र हाहाकार उडाला. कोणाच्या नाकाला खळ, कोणाचा कागद शेजाऱ्याच्या केसांना. "चाचा, मना नाय जमत," असा चारी बाजूंनी एकच घोष. पालख्या एकामागून एक आडव्या झाल्या. माझी उभी राहिली, चारी पायांवर नीट, सरळ. वडिलांनी ती उचलून सगळीकडून बघितली आणि हळूच विचारलं, "हिने केली?"

"रिवाजाने केली," चाचा म्हणाले.

सोमवारी वडील शाळेत गेले आणि गुरुजींना दरबारचा रिवाज समजावून आले. त्यानंतर माझ्या हातावर पट्टी पडली नाही.

पुढे मी मोखाड्याला शिक्षिका झाले. फळ्यावर डाव्या हाताने लिहिते, आणि खडू धरला की चाचांची आठवण येते. इतकं कुणी कुणासाठी करत नाही. माझी पालखी वडिलांनी स्वतःकडे ठेवली. माझ्या कपाटावर आहे ती चाचांची, त्या दिवशी हात बांधून केलेली, त्यांच्या हातून झालेली एकुलती एक वाकडी वस्तू. घरी आलेल्या माणसाला ती बघवत नाही, दांडी सरळ करायला त्याचा हात पुढे येतोच. मी कुणाला हात लावू देत नाही. आज चाचा असते तर पेन्सिल सावरत तेही उठले असते, आणि त्यांनाही मी नाहीच म्हटलं असतं.