माझी ॲडमिशन आणि सुमीचा पाय

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. शेवटी लिहायचं ठरवलं तर मधेच कुठेतरी स्वतःची बाजू मांडत बसेन. मी माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल एक खोटं बोललो, आणि त्या खोट्यावर मला कॉलेजात प्रवेश मिळाला. त्या दिवशी जे घडलं ते अमानवीय होतं की नव्हतं, हे तुम्ही वाचक ठरवा. माझा अशा गोष्टींवर तेव्हाही विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं म्हणवत नाही... पण 'नाही' म्हणतानाही जीभ अडखळते.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुलुंडला, स्टेशनच्या पश्चिमेला एका बैठ्या चाळीत राहत होतो. वडील, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान सुमी. आई गेल्यावर सुमीची शाळा सुटली आणि स्वयंपाकघर तिच्याकडे आलं. मी मात्र डॉक्टर होणार होतो. निदान चाळीला मी तसं सांगून ठेवलं होतं.

इंटर सायन्सला मी एकदा नापास झालो, दुसऱ्यांदा काठावर पास. फिजिक्सचे मार्क तर वडिलांना सांगताना मी आवाज खाली आणला होता, भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून. मेडिकल कॉलेजचा प्रश्नच नव्हता. होमिओपथीवाल्यांनीही मार्कशीट बघून परत दिली. नळावर बायका विचारायच्या, "काय रे डाक्टर, खंय चल्लंस?" त्या मस्करीत विचारायच्या, पण मला ते चटके बसल्यासारखं वाटायचं. वडिलांनी भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात फोरमनशी बोलून ठेवलं होतं. पुढच्या महिन्यापासून मी ड्रम हलवणार होतो. एका संध्याकाळी मी एकटाच चालत विहार तलावाकडे गेलो आणि अंधार पडायच्या आत परत आलो. कशासाठी गेलो होतो ते लिहीत नाही.

अशात मुलुंडमध्येच एका बंगल्यात नवी संस्था निघाल्याचं कळलं. ऑस्टिओपथी. म्हणजे औषधांवर भर न देता हातांनी मणके, सांधे, स्नायू तपासून उपचार करायचे. चालवणारे डॉक्टर अमेरिकेत शिकून आले होते. त्यांची मुलं इथेच असतात, म्हणून नाव लिहीत नाही. ते मार्क बघतात, पण त्याआधी उमेदवाराचे हात बघतात, असं ऐकलं आणि मी अर्ज केला. हा शेवटचा दरवाजा होता. तो बंद झाला असता तर मी पुन्हा तलावाकडे गेलो असतो, हे मला पक्कं माहीत होतं.

आता सुमीबद्दल. सुमी पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी आले. पायाळू माणसाने उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण जाते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. चाळीत कोणाची पाठ धरली की सुमीला हाक यायची. ती हातातलं पीठ पुसत जायची, पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर हलकेच डावा पाय टेकवायची आणि परत येऊन पोळ्या लाटायची. बायका तिला वेणी आणून द्यायच्या, सणाला आधी तिला बोलवायच्या. आई नसलेल्या त्या पोरीचा चाळीतला सगळा मान त्या एका पायात होता. मला लाज वाटायची. मी सायन्सचा विद्यार्थी ना!

प्रवेश-परीक्षेच्या दुपारी आम्ही सात-आठ मुलं होतो. टेबलावर एक लाकडाच्या वखारीचे मालक पालथे झोपवलेले. अगडबंब देह.

"डोळे मिटा आणि पाठीवर हात ठेवा. बोटांना काय कळतं ते सांगा," डॉक्टर म्हणाले.

माझ्या आधीच्या मुलांनी काहीबाही सांगितलं. एकाचा हात लागताच ते शेटजी खदखदून हसले. "ओ डॉक्टरसाहेब, हा पोरगा गुदगुल्या करतोय, ह्याला नापास करा!"

माझी पाळी आली. मी मानेखाली बोटं ठेवली. काही नाही. घाम आणि चरबी, एवढंच. डॉक्टरांच्या हातात माझी मार्कशीट फडफडत होती. संपलं, असं वाटलं...

आणि मग माझ्या डाव्या पायाला ते जाणवलं.

पायात बूट होते, मोजे होते, खाली फरशी होती. तरी तळव्याखाली उघडी, गरम, तेलकट पाठ होती. टाचेखाली एकेक मणका लागत होता. हात मानेपाशी होते आणि पाय कमरेच्या जरा वर. तिथे उजव्या बाजूला एक मणका दबलेला, आणि त्याच्या कडेला गाठ. मला ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी तोंडातून शब्द आले, "सर, दुखणं इथे नाही. खाली आहे, कमरेवर, उजवीकडे. जुनं आहे. लहानपणी हे उंचावरून पडलेत."

शेटजी मान वळवून म्हणाले, "अरे बापरे. शाळेत असताना चिंचेवरून पडलो होतो मी. तुला रे कोणी सांगितलं?"

डॉक्टरांनी मी सांगितलेल्या जागी अंगठा दाबला. शेटजी किंचाळले.

"कसं कळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाताला लागलं, सर." हे पहिलं खोटं.

त्यांनी मला बाजूच्या खोलीत नेलं. "हे मार्क बघून तुला पाणीसुद्धा विचारलं नसतं मी. पण घेतो तुला. मात्र एक गोष्ट. तुमच्या चाळीत कोणी मुलगी लोकांच्या पाठीवर लाथा मारते म्हणे?"

"बहीण आहे माझी, सर."

"लोक आधीच आम्हाला मालिशवाले म्हणतात. त्यात माझ्या विद्यार्थ्याच्या घरी हे? पायाळू आहे का ती?"

'उद्यापासून बंद करायला सांगतो' एवढं म्हणून भागलं असतं, हे आज कळतं. तेव्हा मी इतका घाबरलो होतो की तिच्याशी असलेला सगळा संबंधच पुसून टाकावासा वाटला. म्हणालो, "नाही सर. लोकांनी उगाच उठवलंय."

"मग सांग तसं लोकांना. तुमच्या चाळीतले पेशंट येतात माझ्याकडे, मला कळेल."

घरी आलो तर सुमी कोमट पाण्यात डावा पाय बुडवून बसली होती.

"दादा, आज काय झालं माहितेय? दुपारी तांदूळ निवडत होते, आणि एकदम पायाखाली कोणाची तरी पाठ आली रे! चांगला जाडजूड माणूस, तेल चोपडलेला. उजवीकडे मणका दबलेला त्याचा. मी ओरडलेच. तावडेकाकू म्हणतात, बसल्या बसल्या झोप लागली असेल. तेव्हापासून पाय असा गार पडलाय, हात लावून बघ."

मी हात लावला नाही. "मला ॲडमिशन मिळाली," एवढंच म्हणालो. ती तशीच ओल्या पायाने उठली आणि साखर आणायला धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या तावडेकाकूच कमरेवर हात ठेवून दारात आल्या. "सुमे, जरा पाय लाव गं." नळावर सगळ्या बायका होत्या. मी बाहेर येऊन मोठ्याने म्हणालो, "काकू, सुमी पायाळू नाही. उगाच लोकांना फसवायला नको. तिच्या जन्माच्या वेळी मी घरात होतो. ती डोक्यानेच आली."

सुमी जन्मली तेव्हा वडील मुंबईत नोकरीला होते. गावच्या घरात आई होती, सुईण होती आणि दाराबाहेर मी. आई आणि सुईण दोघी आता नव्हत्या. सुईणीचं "पाय इले गो बाय!" हे ओरडणं फक्त माझ्या कानात उरलं होतं.

सुमी कणकेच्या हातांनी उभी होती. "खरं, दादा?"

"खरं."

"मग आई का म्हणायची तसं?"

"तुझं कौतुक म्हणून."

तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास होता तिचा. त्यानंतर तिने कोणाच्या पाठीला पाय लावला नाही. 'आम्हाला बनवलंस होय गं' असे टोमणे तिने बरेच दिवस ऐकले. वेण्या येणं बंद झालं. मी रोज कॉलेजला जात होतो.

मी शिकलो, प्रॅक्टिस केली, हजारो पाठी हाताखालून गेल्या. पायाला पुन्हा कधीही काही जाणवलं नाही. एका डॉक्टर मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "शेटजींना टेबलावर चढताना पाहिलं असशील, तेव्हाच मनाने हेरलं असेल." असेल. पण चिंचेचं झाड? आणि घरात तांदूळ निवडणाऱ्या सुमीला उजवी बाजू कशी कळली?

गेल्या वर्षी बोरिवलीच्या एका प्रसूतिगृहात सुमीच्या मुलीला मुलगी झाली. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "पायाळू आहे हो!" सुमीच्या सासरची माणसं हरखली. सुमी हसून म्हणाली, "असलं काही नसतं हो. मलासुद्धा म्हणायचे लहानपणी. आमच्या दादाने सांगितलं म्हणून, नाहीतर मी आपली लोकांना फसवतच राहिले असते."

फसवत. हा शब्द माझा होता, आणि इतकी वर्षं ती तो स्वतःसाठी वापरत होती.

मी तिला हाताला धरून व्हरांड्यात नेलं.

"अरे दादा, काय झालं? घामाने भिजलायस तू. बी.पी. वाढलं का?"

मी आधी तिला त्या दुपारची, शेटजींच्या पाठीची गोष्ट सांगितली. मग मी म्हणालो, "सुमे, तू कोणालाही फसवलं नाहीस. तू पायाळूच आहेस, मी दाराशी उभा होतो. फसवलं ते मी, आणि तुझ्याच जिवावर डॉक्टर झालो. माझं चुकलं गं... मला माफ कर."